मुराळी आणि पिवळी गोळी

भाकरी थापणारा हात थांबला की सोप्यातल्या माणसांना कळतं, आत कुणीतरी कान देऊन बसलंय. म्हणून सोनूबाई त्या दिवशी रिकाम्या काठवटीवरच हात आपटत राहिली. पीठ संपून घटका झाली होती. तव्यावरची शेवटची भाकरी करपून काळी पडली, तरी हिचं आपलं थाप थाप चालूच. बाहेर भांडण तिच्यावरूनच पेटलं होतं आणि तिला मात्र कुणी बोलावलेलं नव्हतं.

सोप्यात घोंगड्यावर तिचे सासरे बाबासो बसले होते. त्यांच्यासमोर तिच्या माहेरची दोघं, थोरला भाऊ आकाराम आणि त्याची बायको मीनाबाई. साल सत्त्याहत्तर, संक्रांत नुकती झालेली. आकाराम कोल्हापुरात शाहूपुरीत राहायचा आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला होता. तापल्या लोखंडाजवळ उभा राहणारा गडी, पण चार महिन्यांत त्याची पार रया गेली होती. पाय सुजलेले, तोंडाची चव गेलेली, जिना चढला की धाप. आधी कावीळ म्हणून दोरा बांधून झाला, मग पित्त म्हणून लिंबू पिऊन झालं. शेवटी मिरजेला तपासलं तेव्हा कळलं, दोन्ही किडन्या गेल्या. रक्ताच्या माणसानं एक दिली तर माणूस वाचतो. आईबाप कधीच वर गेलेले. रक्ताचं म्हणून राहिली होती ती एकटी सोनूबाई, आणि ती भुये गावात नांदत होती.

"कन्यादान केलासा न्हवं?" बाबासो म्हणत होते. "दान दिल्यालं परत मागत्यात व्हय? गाय दिली, आता म्हणं तिचं एक शिंग द्या."

"शिंग न्हवं पावणं, किडनी," मीनाबाई म्हणाली. "आणि दोन हाईत तिला. एकीवर माणूस म्हातारं हुईस्तोवर जगतं म्हणं."

"मग तुझी दे की. बायको हाईस न्हवं?"

"माझं रगात जुळंना. जुळलं असतं तर तुमच्या दारात आली असती व्हय मी?"

"ती आता आमच्या घरची हाय."

"रगात आमच्या घरचं हाय."

आकाराम भिंतीला टेकून बसला होता. त्याचा आवाज आला तो विहिरीतून आल्यासारखा. "मी मागितलंच न्हाय पावणं. हिनं ओढून आणलंय मला. लेकीच्या घरचं आमी पाणी पीत न्हाय. भाऊ देतो, घेत न्हाय. चल, ऊठ मीना."

तो उठायला गेला आणि भिंत धरून पुन्हा खाली बसला.

"उठायची ताकद न्हाय," मीनाबाई म्हणाली, "आणि मानपान बगा ह्यांचा."

आता हे खरं होतं. आकाराम दर वर्षी पंचमीला बहिणीला न्यायला यायचा. सासरच्या लेकीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. बाप गेल्यापासून हे काम त्याच्याकडं. सायकल मारत यायचा, चोळीचं कापड आणि लाह्यांची पुरचुंडी द्यायचा, पण बहिणीच्या घरचं पाणी त्याच्या ओठाला कधी लागलं नाही. दारातनंच म्हणायचा, 'सोने, चल, उनं चढायच्या आत जाऊ.' श्रावणात कुठलं आलंय ऊन? पण पाणी टाळायला काहीतरी म्हणावं लागतं.

सोनूबाईनं तवा उतरवला, हात पदराला पुसले आणि ती सोप्याच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"तुमी दान म्हणतासा, वैनी रगात म्हणती, आणि दादा घेतच न्हाय म्हणतो," ती म्हणाली. "ज्या वस्तूवरनं चाललंय ती वस्तू हितं उभी हाय. तिलाबी कुणीतरी इचारा की."

सासऱ्यासमोर ती एवढं लांबलचक पहिल्यांदाच बोलली होती. बाबासोंनी चंची उघडली आणि पुन्हा बांधली. कोपऱ्यात तिचा नवरा केरबा म्हशीचं दावं वळत बसला होता. हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले सहा म्हशीशी. त्यानं मान वर न करता म्हटलं, "जाऊ द्या की तिला. परतीच्या गाडीनं यील."

जणू ती बाजारालाच निघाली होती.

दोघा भावंडांना पार तमिळ मुलखातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. फौंड्रीच्या मालकानं आणि गड्यांनी मिळून सोय केली होती. तिथली भाषा म्हणजे डब्यात खडे घालून हलवावेत तशी. पण बेळगावकडची एक नर्स होती, तिला मराठी यायची. तिच्या जिवावर सगळं निभावलं. आधी दोघांचं रक्त काढून काचेवर एकत्र केलं, ते एकमेकांशी भांडतं का बघायला. सोनूबाई नर्सला म्हणाली, "आमी ल्हानपणी लई भांडलोय, ते बघू नगासा." रक्त भांडलं नाही. पण डॉक्टर म्हणाले, आता नाही भांडलं तरी पुढं भांडणार.

नर्सनं आकारामला सांगितलं ते असं. माणसाच्या अंगात रखवालदार असतात. जंतू शिरला की तेच त्याला मारतात, म्हणून आपण जगतो. पण त्यांना एवढंच कळतं, हे माझं आणि हे माझं नाही. आत बसवलेली किडनी जीव वाचवायला आली आहे हे त्यांना कळत नाही. ते तिला चोर समजून झोडपतात. म्हणून रोज एक गोळी खायची पिवळी, रखवालदारांना पेंगत ठेवणारी, आणि त्याबरोबर एक पांढरी. जन्मभर.

"पण माझ्या सख्ख्या बहिणीची हाय की," आकाराम म्हणाला.

"सख्खी असली तरी दुसरीच. एकाच बीजाचे जुळे असता तर गोष्ट वेगळी."

हे त्याला आवडलं नाही. कपाळाला आठी घालून तो छताकडं बघत राहिला.

ऑपरेशन नीट झालं. सोनूबाईच्या कुशीत लांब व्रण आला आणि आकारामच्या पोटात उजवीकडं, खाली, तिची किडनी बसली. त्याच्या जुन्या दोन्ही तशाच मागं राहिल्या, काढल्या नाहीत. रिटायर झालेल्या मास्तरांना शाळेत खुर्ची असावी तशी. चौथ्या दिवशी लघवीची बाटली भरलेली बघून मीनाबाईला रडू फुटलं. लघवी बघून आनंदानं रडलेली बाई त्या वॉर्डात तरी ती एकटीच नव्हती म्हणा.

सोनूबाई दोन आठवड्यांनी खरंच परतीच्या गाडीनं आली आणि तिसऱ्या महिन्यात शेतात खुरपायला बसली. आकाराम जेठात घरी आला, तो वेगळाच माणूस होऊन. पांढऱ्या गोळीनं त्याचं तोंड पुरणपोळीसारखं गोल गरगरीत झालं होतं. आता कोल्हापूरच्या माणसाला गोल तोंड दिसलं की तो एकच अर्थ काढतो. शाहूपुरीत जो तो थांबवून म्हणायचा, "आकाराम, काय तब्येत केलीस गड्या. खुराक काय चाललाय?" तालमीचा वस्ताद तर त्याचा दंड दाबून बघून गेला. त्यालाही आत कापूसच लागला, पण सांगायचं कसं, म्हणून "बेस, बेस" म्हणाला.

त्या वर्षीची पंचमी आली. सायकल बंद होती, गर्दीत जाऊ नकोस असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी मुराळी ठरल्या दिवशी एसटीनं भुयेत हजर. तोंडाला रुमाल बांधलेला. दारात पोरं ओरडली, "दरोडेखोर आला."

निघताना त्यानं खिशातनं गोळ्या काढल्या. वेळ झाली होती. पाणी तो स्वतःचं आणायचा, बाटलीत. बाबासो घोंगड्यावरनं बघत होते.

"ह्या कशाच्या?" त्यांनी विचारलं.

आकारामनं सांगितलं. रखवालदार, चोर, पेंग, सगळं. बाबासोंनी पानाला चुना लावला आणि हसून म्हणाले, "म्हंजे तुमच्या शरीरालाबी कळलं म्हणा की पावणं. मी म्हणत हुतो न्हवं, दिल्याली लेक परक्या घरची. तुमी मानला न्हाईसा, तुमचं पोट मानतंय."

म्हाताऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. भांडण हरलेल्या माणसाला अधूनमधून एखादा टोला मारावासा वाटतो, तेवढंच. पण सोनूबाईनं बघितलं, भावाच्या हातातली पिवळी गोळी पुन्हा खिशात गेली. पांढरी तेवढी त्यानं गिळली. तिला वाटलं, नंतर घेईल.

शाहूपुरीत त्यांच्या बोळाच्या तोंडाला खंड्या नावाचं एक कुत्रं होतं. ते आलं सोनूबाईच्या लग्नानंतर. त्यामुळं ह्या घरची लेक कोण हे त्याला ठाऊकच नव्हतं. दर पंचमीला ती बोळात शिरली की ते दात विचकून अंगावर यायचं, आणि दर पंचमीला आकाराम त्याची मान पकडून म्हणायचा, "जा सोने आत. धरलंय मी." त्याही वर्षी तसंच झालं. ती आत गेली, भावासाठी चतुर्थीचा उपवास धरला, पंचमीला झोके घेतले, दिंडं खाल्ली आणि दोन दिवसांनी भुयेला परत आली.

त्यानंतर महिनाभर आकाराम ज्याला त्याला सांगत होता, आता बरं वाटतंय. मळमळ गेली, जेवण जायला लागलं, सर्दी बंद झाली. मीनाबाईलाही बरं वाटलं. देवाला नारळ फोडला.

गौरी आवाहनाच्या दिवशी भुयेत निरोप आला. फौंड्रीचा माल मुंबईला नेणारा ट्रक चालवायचा फक्रुद्दीन, तो स्वतः येऊन थांबला होता. आकारामचा जोडीदार. पिवळ्या गोळ्या कोल्हापुरात मिळायच्या नाहीत, त्या हाच मुंबईहून आणायचा आणि देताना म्हणायचा, "घे, तुझ्या बहिणीची राखण आणलीया."

"चला अक्का," तो म्हणाला. "आकारामला ताप हाय. पाय सुजल्यात, लघवी बंद झाल्यागत हाय. आणि एक सांगतो. मी नवी बाटली दिली, वैनी ठेवायला गेली, तर कोनाड्यात जुनी तशीच भरल्याली. पिवळ्या गोळ्या त्यानं खाल्ल्याच न्हाईत. पांढऱ्या तेवढ्या खाल्ल्या. त्या ताकदीच्या वाटल्या त्येला."

बाबासो घोंगड्यावर बसलेले होते. त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

राजारामपुरीतल्या डॉक्टर तारळेकरांच्या छोट्या दवाखान्यात आकाराम झोपला होता. तारळेकरांनी तमिळ मुलखात ट्रंक कॉल लावला. लागायलाच चार तास गेले, आणि लागला तेव्हा ते एवढ्या मोठ्यानं ओरडून बोलत होते की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं, असं फक्रुद्दीन म्हणाला. तिकडून सांगितलेली इंजेक्शनं तीन दिवस शिरेतनं सुरू झाली. लागली तर किडनी वाचेल, नाहीतर गेली. आणि ती गेली की दुसरी द्यायला कुणी नव्हतं.

सोनूबाई खाटेजवळ बसली. भावाच्या पोटाला उजवीकडं नुसतं बोट लावलं तरी तो विव्हळत होता. तिचीच किडनी तिथं मार खात होती.

"कशापाय केलास रं दादा?" तिनं विचारलं.

त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. मग म्हणाला, "तुझा सासरा म्हणाला, माझ्या पोटानं तुला परकी ठरवली. गोळी खाल्ली की रोज मीच कबूल केल्यावानी हुतंय, बहीण परकी म्हणून. मला वाटलं, आपल्या रगताची हाय, इनागोळीची ऱ्हाईल. दावावं एकदा म्हाताऱ्याला."

सोनूबाईला राग यायला हवा होता. नऊ इंच कापून दिलेली वस्तू भावानं मानापायी उकिरड्यावर टाकली होती. पण तिला आठवलं भलतंच.

"तुमचं खंड्या माझ्यावर भुंकतं," ती म्हणाली.

"आं?"

"दर पंचमीला भुंकतं. मग मी काय म्हणू, माहेर मला परकं झालं? कुत्र्याला काय ठाऊक, मी कुठली ते. ते वास घेतं, भुंकतं. त्येचं कामच हाय. ते भुंकलं न्हाई तर चोर शिरंल घरात. पण तू काय करतोस? तू त्येची मान धरतोस आणि म्हणतोस, जा सोने आत. म्हणून मी आत जाते. ह्या पोटातबी तसलंच एक खंड्या हाय दादा. आणि तू त्येला मोकळं सोडलास. वर म्हणतोस, बहिणीच्या मानासाठी सोडलं."

आकारामनं डोळे मिटले. पापण्यांच्या कडा ओल्या झाल्या.

"आणि आणखी एक," ती म्हणाली. "माझ्याकडं एकच राहिलीया. ही वाया घालवलीस तर तुला द्यायला माझ्याकडं पुन्यांदा काय न्हाय. तवा मान धर त्येची. रोज."

औषधाचा ग्लास तिनं पुढं केला. पिवळी गोळी त्यानं गिळली. ग्लासातलं पाणी तिनं आणलेलं होतं. लेकीच्या हातचं पाणी म्हणून तो क्षणभर थबकला, आणि मग सगळं प्याला.

तिसऱ्या दिवशी लघवी सुरू झाली. किडनी वाचली, पण डॉक्टर म्हणाले, मार बसला तो बसला. काही भाग वाळून गेला, उरलेल्यावर गाडी ओढायची.

दवाखान्याच्या पायरीवर बाबासो बसून होते. भुयेहून येऊन दोन दिवस झाले होते, आत मात्र आले नव्हते. सोनूबाई बाहेर आली तशी म्हणाले, "मी आपलं तोंडानं बोललो. पोरगं ते पोटाला लावून बसलं." टॉवेलात बांधून आणलेला गूळ त्यांनी तिच्या हातात दिला. किडनीच्या आजाऱ्याला गुळाची ढेप. पण आणायला हातात तेवढंच होतं.

त्यानंतर आठ पंचम्या झाल्या. त्या कशा झाल्या ते एकीचं सांगितलं तरी पुरे, कारण सगळ्या सारख्याच.

चतुर्थीच्या सकाळी मुराळी एसटीनं शिये फाट्यावर उतरायचा. पंचगंगेचं पाणी बंधाऱ्यावरनं गेलेलं असायचं, म्हणून शिरोलीच्या पुलावरनं लांबचा फेरा. चालत भुयेत यायचा. सोनूबाई त्याच्या नावानं उपाशी असायची, आणि तो तिच्या नावानं गोळी खायचा. पण आता गोळी खायची ती बाबासोंच्या समोर. म्हाताऱ्यानं तसा नेमच घालून टाकला होता. आधी हाक, "सोनू, पावण्यांना पाणी आण." पाणी आलं की, "हं, गोळी." गिळली की, "तोंड उघडा बघू." आकाराम चाळिशीचा बाप्या, पण शाळेतल्या पोरासारखा आ करायचा. बाबासो खाली वाकून, जीभ उचलायला लावून बघायचे आणि म्हणायचे, "जा आता घिऊन." मागं एकदा आपण बोलून गेलो ह्याचं त्यांना जन्मभर ओझं वाटलं असावं.

आणि वाटेनं, फाट्यापर्यंत चालताना सोनूबाई विचारायची, "माझी कशी हाय?"

"तुझ्यावानीच," तो म्हणायचा. "कुरकुर करती, पण कामाला चुकत न्हाय."

पेंगणाऱ्या रखवालदारांचा त्रास व्हायचाच. साधी सर्दी त्याला पंधरा दिवस धरायची. जोतिबाच्या यात्रेला तो डोंगर पुन्हा चढला नाही, कुस्तीच्या मैदानात त्यानं पाऊल टाकलं नाही. फौंड्रीत त्याला स्टोअरला बसवलं होतं, धुळीपासून लांब. एका वर्षी ऐन श्रावणात बरगडीवर नागीण उठली. बोळातल्या बायका म्हणाल्या, पंचमी जवळ आलीया, देवाचं काहीतरी राहिलं असंल. डॉक्टर म्हणाले, ल्हानपणीच्या कांजिण्यांचा जंतू आत झोपलेला होता, रखवालदार पेंगले बघून उठला. आकाराम म्हणाला, "दोगं काय म्हणत्यात ते म्हणू देत. झोंबतंय मला." पोरांना लागू नये म्हणून त्या साली तो आठ दिवस उशिरा आला. पंचमी होऊन गेली होती, तरी आला. सोनूबाईनं तोवर उपवास सोडला नव्हता असं भुयेतल्या बायका सांगतात. ते काही खरं नाही. तिनं सोडला होता, पण दुसऱ्यांदा धरला.

साल शहाऐंशी उजाडलं.

त्या पंचमीला तो आला तेव्हा त्याच्या पायात रबरी स्लिपर होती. आकाराम आणि रबरी स्लिपर? मूळचा तो करकर वाजणारं कोल्हापुरी पायताण घालणारा माणूस. सोनूबाईनं दारातनंच पाय बघितले. पायताणात न मावणारे पाय तिनं नऊ वर्षांपूर्वीही बघितले होते. मीनाबाईला ठाऊक होतं, तारळेकर डॉक्टरांना ठाऊक होतं, फक्रुद्दीन बाटली देताना आता थट्टा करत नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणी नव्हतं. आमच्याकडं एरवी शेजारच्या गावात ऐकू जाईल असं बोलतात, पण अशा गोष्टी हळूच होतात.

फाट्याच्या वाटेवर तो दोनदा थांबला. एकदा चिंचेखाली, एकदा मैलाच्या दगडावर बसून.

"माझी कशी हाय?" तिनं विचारलं.

तो जरा वेळ उसाकडं बघत बसला. "दमलीया," म्हणाला.

सोनूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "नऊ वरसं राबलीया," ती म्हणाली. "दमू दे. तिची चूक न्हाय."

"तिची न्हायच. मीच त्या साली..."

"ते जाऊ दे. गाडी यील."

बोळाच्या तोंडाशी आता खंड्या नव्हतं, म्हातारं होऊन मेलं होतं. त्याच्या जागी दुसरं एक तांबूस कुत्रं आलेलं, तेही तिला ओळखत नव्हतं. भुंकलं. आकारामला वाकता येत नव्हतं, तरी भिंतीला एक हात लावून त्यानं वाकून त्याची मान धरली. "जा सोने आत," म्हणाला.

पंचमी झाली. बायकांनी फेर धरला, पोरींनी झोका उंच नेला, दिंडं झाली. आकाराम दारात खुर्ची टाकून बघत बसला. दोन दिवसांनी तिला पोचवायची वेळ आली तेव्हा मीनाबाई म्हणाली, "अवो, फक्रुद्दीन ट्रक घिऊन तिकडनंच जाणार हाय. तो सोडंल की तिला."

"मुराळी कोण हाय?" आकारामनं विचारलं.

"तुमीच."

"मग?"

मीनाबाईनं मुकाट्यानं बुट्टी भरली. लाह्या, दिंडं, चोळीचं कापड. एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. शिये फाट्यावरनं पुढं चालायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. बुट्टी सोनूबाईनं आपल्या डोक्यावर घेतली. तेवढं त्यानं घेऊ दिलं, पण भुयेची वेस आली तशी परत मागून घेतली. माहेरची बुट्टी मुराळ्याच्या हातानंच दारात जायला पाहिजे.

सोप्यात बाबासो होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं माणूसही धुक्यातलं. पण पावलं त्यांना ओळखू यायची. ह्या खेपेला पावलं ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

"पावणं काय?"

"व्हय."

"सोनू, पाणी आण."

सोनूबाईनं तांब्या आणला. आकारामनं खिशातनं पिवळी गोळी काढली, जिभेवर ठेवली, आणि तांब्यातलं पाणी वरून घटाघटा प्याला.

"घेतली?"

"घेतली."

"तोंड उघडा बघू."

म्हाताऱ्याला आता काही दिसत नव्हतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आकारामलाही होतं. तरी तो भिंतीला धरून त्यांच्यासमोर वाकला, मोठा आ केला, आणि जीभही उचलून दाखवली. बाबासोंनी मान पुढं काढून नीट बघितलं.

"हां," ते म्हणाले. "जा आता."

आकारामनं रिकामी बुट्टी काखेत मारली, "येतो गं सोने," म्हणाला, आणि फाट्याच्या वाटेला लागला.